उद्यानाची वेळ आणि गृहिणीची सवड

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मन प्रसन्न राहावे यासाठी सकाळी उघड्यावर चालावे, चार माणसांशी बोलावे, असा सल्ला अलीकडे सर्वत्र दिला जातो, आणि तो खरा असल्याचे मी स्वानुभवाने सांगू शकते. यजमानांच्या निधनानंतर कित्येक महिने मी घराबाहेर पडले नव्हते. झोप उडाली होती, जेवण दोन घासांवर आले होते. तेव्हा शेजारच्या काकू रोज दार वाजवत आणि माझी एकही सबब न ऐकता मला जवळच्या उद्यानात नेत. सुरुवातीला मी नुसती बाकावर बसून असे. पंधरवड्याने त्यांच्याबरोबर एक फेरी मारली आणि पुढे हळूहळू रात्रीची झोपही परतली.

यामागचे कारण डॉक्टरांनी मला नंतर समजावून सांगितले. घरातल्या दिव्यांचा प्रकाश बहुधा काहीशे लक्स (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) इतकाच असतो, तर ढगाळ सकाळीही उघड्यावर तो हजारो लक्स असतो. हा प्रकाश डोळ्यांवाटे मेंदूतील जैविक घड्याळापर्यंत पोहोचला, की झोपेच्या वेळी स्रवणाऱ्या मेलाटोनिन या संप्रेरकाचे वेळापत्रक सुरळीत राहण्यास मदत होते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास भरभर चालणे. त्याला पैसा लागत नाही. जागा मात्र लागते.

नेमकी तीच अडचण आहे. आमच्या भागातील सार्वजनिक उद्यान सकाळी १० वाजता बंद होते आणि दुपारी ४ नंतर उघडते. पाणी भरणे, डबे, मुलांची शाळा, सासूबाईंची औषधे, हे सारे आटोपून घरातली बाई मोकळी होते ती साधारण साडेदहाला, आणि संध्याकाळी ४ नंतर तिची दुसरी पाळी सुरू झालेली असते. ज्या स्त्रिया दिवसभर घरात एकट्या असतात, ज्यांना ऊन आणि सोबत यांची सर्वाधिक गरज आहे, त्यांनाच या वेळापत्रकात जागा नाही. रात्रपाळी करून परतणाऱ्या सुरक्षारक्षकांचे आणि दोन घरांच्या कामांमधल्या वेळात डबा खायला सावली शोधणाऱ्या घरकामगार महिलांचेही तेच.

झाडलोट आणि झाडांना पाणी घालणे यासाठी उद्यान बंद ठेवावे लागते, गैरप्रकारांचीही भीती असते, हे मला मान्य आहे. परंतु निम्मे उद्यान खुले ठेवून उरलेल्या भागाची कामे करता येतील आणि एक रखवालदार वाढवणे महापालिकेला जड जाऊ नये. निदान दिवाळी ते होळी या काळात, जेव्हा अकराचे ऊनही सोसवते, उद्याने दुपारी १२ वाजेपर्यंत खुली ठेवावीत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आज दहानंतर आमच्या उद्यानाच्या फाटकाबाहेर, वाहनांच्या धुरात, तीन-चार जणी भाजीच्या पिशव्या हातात धरून उभ्या उभ्या बोलत असतात. आतले बाक रिकामे असतात.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका