फोटो लढाईचा नाही

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत अमेरिकन यादवी युद्धावरचा लेख वाचला, छान होता, पण ‘मॉनिटर’ या लोखंडी युद्धनौकेच्या फोटोखाली ‘हॅम्प्टन रोड्सच्या लढाईतील दृश्य’ असं छापलंय ते बरोबर नाही. व्हर्जिनियाच्या किनाऱ्याजवळची ती नौकांची लढाई झाली ८-९ मार्च १८६२ ला आणि हा फोटो फोटोग्राफर जेम्स गिब्सनने काढला ९ जुलैला, जेम्स नदीत, म्हणजे तब्बल चार महिन्यांनी.

मुळात तेव्हा लढाईचा असा फोटो निघणं जवळपास अशक्यच होतं, कारण काचेच्या प्लेटवर ओलं रसायन लावायचं, ते सुकायच्या आत फोटो काढून तिथेच अंधाऱ्या तंबूत धुवायचा, त्यात एक्सपोजर काही सेकंदांचं, तेवढ्यात जहाज हललं की सगळं धूसर! (आमच्या शाळेच्या ग्रुप फोटोत पापणी हलली तरी मास्तर ओरडायचे.) म्हणून तर त्या काळच्या फोटोंत जहाजं नांगरलेली, माणसं पुतळ्यासारखी आणि पाणी दुधासारखं दिसतं.

पण तुम्ही छापलेला फोटो नीट बघा, गोल टरेटच्या (तोफांच्या फिरत्या बुरुजाच्या) पत्र्यावर तोफगोळ्यांचे पोचे स्पष्ट दिसतात, लढाईचा खरा पुरावा तोच की. टरेटला लोखंडाचे एकेक इंचाचे आठ थर होते तरी हे पोचे पडले. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला केप हॅटरसजवळ वादळात ‘मॉनिटर’ बुडाली. फोटोखाली तारीख आणि फोटोग्राफरचं नाव द्यायला एक ओळ पुरली असती.

– एक वाचक, सातारा