भूत राहू दे, आधी रस्ता दाखव

प्रिय दोस्ता,

तुझी स्क्रिप्ट आली आणि एका बैठकीत वाचून काढली. आजोबा आणि नातवाचा जेवणाचा सीन फार सुंदर लिहिलायस, तिथल्या एकाही शब्दाला हात लावू नकोस. पण पहिल्या पानाबद्दल मला तुझ्याशी सविस्तर बोलायचंय, फोनवर ते नीट होणार नाही म्हणून लिहायला बसलोय, चहा घेऊन वाच कारण हे लांबणारे.

अमावस्या, वीज चमकते, कुत्रं रडतं, वाड्याचं दार करकरतं आणि मग मुलगा एसटीतून उतरतो, अशी तुझी सुरुवात आहे. यात माझा आक्षेप एवढाच की हे सगळं दिसलं की बघणारा लगेच सावध होतो, त्याला कळतं की आता आपल्याला घाबरवणारेत, आणि एकदा माणूस सावध झाला की तो सुटला तुझ्या हातून. तुझ्या गोष्टीत पहिली वीस मिनिटं वरवर काहीच घडत नाही, उलट त्यामुळेच ती मला आवडली, पण मग त्या वीस मिनिटांत लोकांच्या पोटातला गोळा टिकवायचा असेल तर तो ते बेसावध असतानाच, लख्ख उजेडात आत ठेवून द्यायला हवा ना!

म्हणून सांगतो, दिग्दर्शक स्टॅनली क्युब्रिकच्या १९८० च्या 'द शायनिंग' या भयपटाची फक्त पहिली तीनेक मिनिटं काढून बघ. पूर्ण फिल्म तू पाहिलीच आहेस, पण सगळ्यांना त्यातली कुऱ्हाड आठवते, लिफ्टमधून येणारं रक्त आठवतं, आणि सुरुवातीला फक्त एक गाडी डोंगरातून जाते एवढंच लक्षात राहतं. खरंच तेवढंच आहे. दिवस आहे, आकाश मोकळं आहे, निळं पाणी, हिरवी झाडं, पिवळी फोक्सवॅगन बीटल, कोणी मरत नाही, कोणी ओरडत नाही, माणसाचा चेहरासुद्धा दिसत नाही. आणि तरी बघताना छातीवर दडपण येतं. ते कुठून येतं हे मी शॉट थांबवून थांबवून बघितलंय, तेच तुला सांगतो.

पहिला शॉट तळ्याचा. पाणी शांत, त्यात डोंगर उलटा पडलेला, मधे एक इवलंसं बेट, त्याच्यावर थोडी झाडं. कॅमेरा पाण्यावरून सरळ त्या बेटाकडे निघतो, आपल्याला वाटतं चला, तिथे काहीतरी असणार, आणि जवळ आल्यावर तो बेटाला बगल देऊन पुढे निघून जातो. काहीच कारण न देता! हा कॅमेरा कोणाचा आहे? होडी नाही, पक्षी नाही, कोणी माणूस नाही. पण त्याची चाल अगदी ठाम आहे, त्याला माहितीये कुठे जायचंय, फक्त आपल्याला सांगत नाही. इथेच पहिली खुट्टी बसते, आणि अजून गोष्ट सुरूसुद्धा झालेली नाही.

मग थेट वरून रस्ता दिसतो. दोन्ही बाजूला उंच झाडं, मधून एक बारीक पट्टी आणि त्या पट्टीवरून सरकणारा पिवळा ठिपका. तो आपला हीरो. हीरोची एन्ट्री बघ कशी केलीय, किड्याएवढी! आणि तो ठिपका मुकाट्याने रस्त्याने जातोय, वर कोण आहे याची त्याला खबरच नाही.

यानंतरचा जो शॉट आहे ना, माझ्या मते अख्ख्या सुरुवातीचा जीव त्याच्यात आहे. कॅमेरा गाडीच्या मागे लागतो, खाली उतरत उतरत अगदी जवळ येतो, असं वाटतं की आता काचेतून आत डोकावणार, ड्रायव्हर दाखवणार. इतर कुठल्याही फिल्ममध्ये तेच झालं असतं. इथे मात्र तो गाडीच्या बरोबरीला येतो आणि तिला सोडून डावीकडे, कड्याच्या बाहेर, दरीवर निघून जातो. आपण खाली रस्ता शोधतोय आणि पायाखाली रस्ताच नाही. मला दर वेळी त्या क्षणी पोटात खड्डा पडतो, पुढे काय होणार ते पाठ असूनसुद्धा. कारण आतापर्यंत आपण मनात धरून चाललेलो असतो की कॅमेरा हीरोच्या बाजूचा आहे, त्याच्यासोबत राहणार, आणि त्या वळणावर कळतं की तसं काही नाहीये. त्या नजरेला हवं तेव्हा ती जवळ येईल, हवं तेव्हा सोडून जाईल, आणि परत कधी येईल ते आपल्या हातात नाही. घाट चढताना बाजूच्या कठड्याचा आधार डोळ्यांना असतो ना, तो कठडा कोणीतरी अलगद काढून घ्यावा तसं होतं ते.

आता आवाज. हे जास्त नीट वाच, कारण तुझ्याकडे साऊंडसाठी पैसे नाहीत म्हणतोस आणि इथे पैशाचा संबंधच नाही. गाडी इतका वेळ दिसते पण तिचं इंजिन ऐकू येत नाही, वारा नाही, चाकाखालची खडी नाही, त्या जगाचा एकही आवाज क्युब्रिकने आपल्याला दिलेला नाही. ऐकू येतं ते फक्त म्युझिक, वेंडी कार्लोस आणि रेचल एल्काइंड या दोघींनी सिंथेसायझरवर केलेलं, आणि त्याच्या वरच्या अंगाला मधूनमधून माणसाच्या गळ्यातले विचित्र हेल, किंकाळी आहे की पाखरू आहे हे ठरवता येत नाही. खालची चाल मात्र त्यांची नाही, ती शेकडो वर्षं जुनी आहे. 'दिएस इरे' नावाचं लॅटिन स्तोत्र, मेलेल्यांसाठीच्या प्रार्थनेत गायचं, शेवटच्या निवाड्याच्या दिवसाबद्दलचं. बेर्लिओझ या फ्रेंच संगीतकाराने १८३० च्या त्याच्या सिम्फनीत चेटकिणींच्या मेळाव्यात ती चाल घेतली होती, तिथून ती इथवर आली. तुझ्या घरी पेटी आहे, वाजवून बघ. कोमल ग, रे, कोमल ग, सा, मग रे, खालचा कोमल नी, सा, सा. अगदी संथ, एकेक सूर दाबून. किती थोडे सूर आहेत बघ, आणि दर वेळी थोडं वर बघून परत खाली बसतात. ज्याला ते स्तोत्र माहीत नाही, म्हणजे तुझ्यामाझ्यासारखे बहुतेक सगळे, त्यालाही ते ओझं कळतं. आणि ज्याला माहितीये त्याला तर सांगूनच टाकलंय की हा माणूस, जॅक, डोंगरातल्या हॉटेलात हिवाळ्यापुरत्या केअरटेकरच्या नोकरीच्या मुलाखतीला चाललाय आणि त्याच्या डोक्यावर अंत्यविधीचं गाणं वाजतंय.

त्यात क्रेडिट्स. फिकट निळी साधी अक्षरं खालून वर सरकत जातात, न थांबता. सुरुवातीची नावं साधारणपणे एकेक येतात आणि विरतात, खालून वर वाहतात ती शेवटची नावं, सिनेमा संपल्यावर आपण खुर्चीतून उठतो तेव्हाची. म्हणजे फिल्म सुरू होतेय आणि डोळ्यांना ओळखीची खूण मिळते ती संपल्याची. शिवाय अक्षरं वर चाललीत, कॅमेरा पुढे चाललाय, गाडी वळणं घेतेय, या सगळ्या हालचाली एकमेकींशी जुळतच नाहीत आणि बघणाऱ्याला थोडं गरगरतं. बघताना यातलं काही कोणी मनात मोजत नाही, पण अंगाला ते कळतं.

जागेबद्दलही सांगतो, कारण तू लोकेशन बघायला जाणारेस. गोष्ट कोलोरॅडोत घडते पण हा रस्ता मॉन्टानामधला आहे, ग्लेशियर नॅशनल पार्कातला 'गोइंग टू द सन रोड', आणि ते तळं म्हणजे तिथलं सेंट मेरी लेक. क्युब्रिकने आधी जी टीम तिथे पाठवली त्यांनी कळवलं की जागेत काही दम नाही. पण त्यांनी पाठवलेले टेस्ट शॉट बघून क्युब्रिक थक्क झाला, त्याच्या लक्षात आलं की जागा अगदी बरोबर आहे, बदलायची ती टीम. मग हेलिकॉप्टर शूटिंगसाठी नावाजलेल्या ग्रेग मॅकगिलिव्हरेला घेतलं आणि तो कित्येक आठवडे तिथे शूट करत राहिला. आणि तो रस्ता खरोखरच हिवाळ्यात बर्फामुळे बंद असतो! म्हणजे गोष्टीत जे संकट आहे, एकदा बर्फ पडलं की त्या हॉटेलातून खाली येता येत नाही, ते त्या रस्त्याच्या अंगातच आहे. कोणी बोलून दाखवायच्या आधी आपण त्या वाटेने वर चढलेलो असतो, बोगद्यातून गेलेलो असतो, आणि जसजसं वर जातो तसतशी झाडं मागे पडतात आणि कड्यांवर पांढरं दिसायला लागतं. शेवटी हॉटेल दिसतं, ते तर तिसऱ्याच राज्यात आहे, ऑरेगनमधल्या माउंट हूडवरचं टिंबरलाइन लॉज, पण कॅमेऱ्याची चाल तीच असल्यामुळे आपण एकाच ओघात तिथे पोचतो आणि कुठे सांधा लागत नाही.

आता माझ्या म्हणण्याचा सगळ्यात मोठा पुरावा. याच शूटिंगमधलं वापरायचं राहिलेलं फुटेज दिग्दर्शक रिडली स्कॉटने क्युब्रिककडून मागून घेतलं आणि १९८२ मध्ये थिएटरला लागलेल्या 'ब्लेड रनर'च्या शेवटी लावलं. तिथे दोन माणसं अंधाऱ्या, घुसमटलेल्या शहरातून सुटून निघालीत, डोंगर, हिरवळ, मोकळं आकाश, आणि बघणाऱ्याला वाटतं सुटले बुवा एकदाचे. तोच प्रदेश, तेच हेलिकॉप्टरचे शॉट! डोंगरात भीती नव्हतीच कधी. सोबत काय ऐकू येतंय, आधी काय झालंय आणि बघणारी नजर कोणाची आहे, यावर तो डोंगर कधी सुटका होतो आणि कधी सापळा. मी हे दोन्ही तुकडे पाठोपाठ बघितले तेव्हा अक्षरशः उठून फेऱ्या मारल्या, इतका खूश झालो होतो. तूही तसेच लागोपाठ बघ.

आणि नंतर काय होतं? म्युझिक जातं, काळ्या पाटीवर दोनच शब्द, 'द इंटरव्ह्यू', आणि जॅक हॉटेलच्या लॉबीत शिरतो, हसून बोलतो, मॅनेजरही हसून बोलतो, कॉफी मागवली जाते. इतकं सपक बोलणं एरवी कोणी ऐकलं नसतं, पण आपण कान टवकारून ऐकतो, कारण वरून जे बघून आलोय ते अजून उतरलेलं नाही. आधीच्या केअरटेकरने हिवाळ्यात बायकोमुलींचं काय केलं ते मॅनेजर सांगतो, तेव्हा आपल्याला धक्का बसत नाही, असंच काहीतरी असणार हे मनाने धरलेलंच असतं. सुरुवातीने एवढं काम करून ठेवलं म्हणून क्युब्रिकला पुढे घाई करावी लागली नाही. आणि ती तरंगणारी नजर परत येते, हॉटेलच्या आत. तो लहान मुलगा तीनचाकी चालवत कॉरिडॉरमधून जातो आणि गॅरेट ब्राऊनचा स्टेडीकॅम, म्हणजे चालतानाही धक्के न बसू देणारा कॅमेऱ्याचा साज, त्याच्या मागून जमिनीलगत जातो, ते मला त्या घाटातल्या गाडीचंच पुढचं पान वाटतं. पिवळ्या गाडीऐवजी मुलगा, रस्त्याऐवजी गालिचा, आणि मागे तेच कोणीतरी.

तर तुझ्या पहिल्या पानाकडे येतो. हे सगळं वाचून ड्रोन भाड्याने आणू नकोस, कळकळीने सांगतोय. हल्ली प्रत्येक वेबसिरीजमध्ये आणि लग्नाच्या व्हिडिओत ड्रोन असतो, उंचीवरून कोणी घाबरत नाही आता. घ्यायची ती फक्त एक गोष्ट, कॅमेरा तुझ्या मुलाच्या बाजूचा नाही हे पहिल्या मिनिटात कळू दे. मुलगा भर दुपारी एसटीतून उतरू दे, ऊन असू दे, पाणंदीने चालत वाड्याकडे निघू दे, कॅमेरा त्याच्या मागे मागे जाऊ दे, आणि पाणंद वळते तिथे मुलगा वळेल पण कॅमेरा वळणार नाही, तो सरळ कुंपणातून आत, विहिरीकडे जाऊ दे. बस एवढंच, कट. कॅमेरा धक्के न बसता चालवायला जो कॅमेरामन लागेल त्याच्यावर पैसे खर्च कर, पावसाच्या मशीनवर नको. एसटीचा आवाज गाडी दिसत असतानाच हळूहळू काढून घे. म्युझिकसाठी पेटीचा नुसता भाता आणि खालचा एक सूर पुरेल असं मला वाटतं, पण ते तू तुझ्या कानाने ठरव. आणि कुत्रं काढ रे, प्लीज.

एक धोका आहे तोही सांगतो. एकदा ही नजर दाखवलीस की पुढे तिच्याशी प्रामाणिक राहावं लागेल, आजोबांच्या जेवणाच्या सीनमध्ये ती खोलीत आहे की नाही हे तुला आधी माहीत पाहिजे, नाहीतर लोकांना फसवल्यासारखं वाटेल. माझं मत विचारशील तर ती तिथे असावी, पण दारातून बघत असावी, आणि आजोबांनी एकदाच दाराकडे बघावं.

पुढच्या शनिवार-रविवारी मी मोकळा आहे, लोकेशन बघायला जाणार असशील तर मला घे, विहिरीपर्यंतची ती चाल आपण मोबाईलवर शूट करून बघू, चालतंय की नाही ते तिथल्या तिथे कळेल. सुधारलेलं पहिलं पान त्याआधी पाठव. काकूंना नमस्कार.

तुझाच मित्र