तुमचं अक्षर विकायला काढलंय, बाबा

ती. आई आणि बाबा,

सा. न.

फोनवरच सांगणार होते. रविवारी दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा आई, तू गिरणीवाल्यानं दळण जाड काढल्याचं सांगत राहिलीस आणि मीही सुटल्यासारखी ऐकत राहिले. म्हणून पत्र. बाबांना पाकीट फोडायला आवडतं हे आहेच, शिवाय पत्राला मधेच थांबवता येत नाही.

नोकरी सोडली. 30 तारखेला शेवटचा दिवस झाला. भांडण नाही, कुणी काढलंही नाही. तुमचा दोघांचा आरोग्य विमा कंपनीचा नव्हताच, मी वेगळा काढलेला आहे, तो चालू राहील. बाबांच्या फिजिओथेरपीचे आणि स्वयंपाकाच्या मावशींचे दीड वर्षाचे पैसे बाजूला ठेवलेत, त्यांना हात लावणार नाही. माझ्या खोलीचं भाडंही वर्षाचं निघतंय, डबा तोच आहे, गिझर दुरुस्त झालाय. हे सगळं आधी लिहिलं, कारण आई पुढचं वाचायच्या आधी मनात हाच हिशेब मांडणार.

आता अवघड गोष्ट. बाबा, तुमचं अक्षर मी टी-शर्टवर छापलंय. न विचारता. 200 नग.

साताऱ्याला मामाकडे आलेलं पोस्टकार्ड माझ्याकडेच आहे, 2005 च्या पुरातलं. ‘पाणी उतरलं की चिठ्ठी टाकतो. रडू नको.’ त्यातली पहिली ओळ घेतली. माझ्या गाण्यात हीच ओळ आहे, पण तिथे ‘टाक’ आहे, म्हणून शेवटचा ‘तो’ तेवढा काढला. बाकी एक कानासुद्धा हलवलेला नाही. विचारायला हवं होतं, कळतंय. विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, ‘नको, नीट लिहून देतो’, आणि मग कागद घेऊन बसला असता, हात ऐकला नसता, आणि संध्याकाळभर गप्प राहिला असता. मला ते नको होतं.

त्याआधीच्या 40 शर्टांचं मी घरी बोललेच नव्हते. तेव्हा ओळ साध्या फॉन्टमध्ये टाइप करून पाठवली होती. छापणाऱ्याच्या सॉफ्टवेअरला देवनागरी जुळवता येत नव्हती. ‘चिठ्ठी’ची पहिली वेलांटी च सोडून पुढे जाऊन उभी, आणि ठला ठ जोडलेला नाहीच, पहिल्याचा पाय मोडलेला, दुसरा शेजारी सुटा. त्यानं प्रूफ दाखवलं नाही, मी मागितलं नाही. तुमची मुलगी! खोकं उघडलं तेव्हा पैसे गेले हे नंतर सुचलं, आधी तुमचा चेहरा दिसला. तुमच्या छापखान्यात अक्षराचा एक खिळा असा बसला असता तर तुम्ही रात्री 11 वाजता बांधलेला फर्मा, अख्ख्या पानाची जुळणी, सोडला असता. आता आमच्या सोसायटीतल्या निम्म्या गाड्या अशुद्धलेखनानं पुसल्या जातात.

म्हणून पोस्टकार्ड स्कॅन केलं आणि अक्षर चित्र म्हणूनच पाठवलं. आता वेलांटी कुणाच्या यंत्राला हलत नाही. छपाई स्क्रीनची, लग्नपत्रिकांना तुम्ही वापरायचात तीच जाळी, शाई ओढायचा तसाच स्क्वीजी. जाळीचा खर्च एकदाच, म्हणून एका रंगात 200 नग परवडतात. दहा-वीसच हवे असते तर डीटीएफ, म्हणजे फिल्मवर छापून कापडावर दाबून चिकटवणं, बरं पडलं असतं. शाई 160 अंशांच्या आसपास नीट भाजली गेली नाही तर दोन-चार धुण्यांत भेगा पडतात, त्यामुळे या वेळी यंत्राशेजारी उभी राहिले. छापणारा वैतागला. तुमच्याकडेही गिऱ्हाईक डोक्यावर उभं राहिलं की तुम्ही असेच वैतागायचात.

आई, तू विचारशील, लोक गाणं फुकट ऐकतात आणि कापडाला पैसे देतात होय? देतात. 2024 पासून स्पॉटिफायवर गाणं वर्षात हजार वेळा वाजलं नाही तर त्याचे पैसेच मिळत नाहीत. माझ्या सहापैकी दोन गाणी तिथेच अडकलीत. बाकी चार गाण्यांचं वर्षाचं मिळून जे आलं त्यात तुझ्या गॅसच्या दोन टाक्या आल्या असत्या. शर्ट मला सगळं धरून 310 ला पडतो, 599 ला जातो. एका कार्यक्रमाच्या टेबलावर 20 गेले तरी बघ. आणि गाणाऱ्यानं काही विकणं आपल्याकडे नवं आहे का? संगीत नाटकवाले थिएटरात पदांची पुस्तकं विकायचेच की. सांगलीत राहून तुम्ही मला नाटकवाल्यांचं सांगायचं आणि मी शर्ट विकला की तोंड वाकडं करायचं, हे चालणार नाही.

कच्चं काम नाही. महाराष्ट्राबाहेर माल पाठवायचा तर उलाढाल कितीही कमी असो, जीएसटी नोंदणी लागते. केली. मी ज्या नावानं गाते त्याचा ट्रेडमार्कचा अर्जही टाकला, कपड्यांचा वर्ग 25, फी 4,500 रुपये. कॅश ऑन डिलिव्हरी बंद केली, कारण ‘आता नको’ म्हणून परत आलेल्या पार्सलचं जातानाचं आणि येतानाचं भाडं माझ्याच अंगावर पडायचं. एक चूक अजून भोवतेय. सगळ्या मापांचे सारखे नग काढले. एल आणि एक्सएल संपले, स्मॉलचा ढीग तसाच. पुढच्या खेपेला कापडी पिशव्या. पिशवीला माप नसतं.

मागच्या महिन्यात कार्यक्रम संपल्यावर एक गृहस्थ टेबलापाशी आले. शर्ट उचलला नाही, नुसतं वाकून वाचलं. परत वाचलं. मग विचारलं, ‘अक्षर कुणाचं हो?’ म्हटलं, बाबांचं. म्हणाले, ‘आम्ही शिरोळचे.’ एवढंच. तेही पुराच्या पट्ट्यातलं. दोन घेतले, एक त्यांच्या मापाचा नव्हताच.

बाबा, ट्रेडल यंत्राच्या आवाजात मी झोपायचे, आठवतंय? रॉकेलनं धुतलेल्या खिळ्यांचा वास अजून कुठे आला तरी मी मान वळवते. सरळ वाचायच्या आधी उलटं वाचायला तुम्हीच शिकवलंत, माझं नाव खिळे जुळवायच्या काडीत जुळवून. दुसरीत बाईंनी आरशात बघितल्यासारखी अक्षरं काढते म्हणून मारलं, तेव्हा तुम्ही शाळेत गेलात आणि हसत परत आलात. काय बोललात ते कधी सांगितलं नाहीत.

आता नीट ऐका. 100 शर्ट सांगलीला येतायत, इथे खोलीत जागा नाही. चार खोकी. ती माडीवर जातील, खाली ठेवायची नाहीत. 2019 ला आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर जाईल असं गावात कुणालाच वाटलं नव्हतं, त्यात तुमचं काही चुकलं नाही. पण या वेळी खाली नाही. आई, तू खोकं उचलायचं नाहीस, सरकवायचंसुद्धा नाहीस. शेजारच्या मुलाला सांगितलंय, तो येईल, त्याला भडंग दे. स्टुलावर चढायचं नाही. बीपीची गोळी जेवणाआधी की नंतर हा वाद तुम्ही दोघं घालत बसता, डॉक्टरांना विचारून कॅलेंडरवर लिहून ठेवा. मिरजेची तपासणी या महिन्यातच. पुढच्या महिन्यात मी येते, तेव्हा परत जाऊ हवं तर. आणि काकूला नोकरीचं इतक्यात सांगू नका.

शर्ट उलटा करून धुवायचा, इस्त्री छापलेल्या बाजूवर नाही. एक आईसाठी मीडियम, एक बाबांसाठी एल, तो आधीच बाजूला काढलेला. आई, घरात घाल, माडीवर घाल, नाही घातलास तरी चालेल. उशीला अभ्रा मात्र करू नकोस.

प्रत्येक शर्टामागे 25 रुपये बाबांच्या खात्यात येतील. अक्षराचे. परत पाठवायचे नाहीत, मी पुन्हा पाठवेन.

पिशवीचं प्रूफ सोबत आहे, ती अजून छापलेली नाही. दुसरी ओळ घेतलीय, ‘रडू नको’. बाबा, बघा. रेषा कुठे जाड वाटली, डू चा उकार ट्रेस करताना मी बिघडवला असेन, तर लाल पेनानं खूण करा. ठीक असेल तर खाली नेहमीसारखं ‘छापावे’ लिहून सही करा. हात हलला तर हलू दे. पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट आत आहे. सही येईपर्यंत मी पिशवी छापायला देत नाही.

तुमची,
ठकी