त्या रात्री उर्सा काय बोलली असेल?

चि. निनाद,

अनेक आशीर्वाद. तुझा लेख आणि तुझी गोष्ट, दोन्ही वाचून झाली. फोनवर विचारलंस तेव्हा 'छान आहे' एवढंच म्हणाले, कारण बाकीचं फोनवर मावणारं नव्हतं. 'अवतार: द लास्ट एअरबेंडर' या अमेरिकन ॲनिमेशन मालिकेवर तुला प्रकल्प करायला मिळतोय, त्यात समीक्षेबरोबर फॅन फिक्शनही, म्हणजे चाहत्याने त्याच पात्रांवर रचलेली गोष्टही, चालणार आहे, याचा मला तुझ्याइतकाच आनंद आहे. आता कान पकडते.

तुझ्या लेखातली उर्सा आणि तुझ्या गोष्टीतली उर्सा यांची एकमेकींशी ओळखच नाही. लेखात तू ठणकावून लिहितोस की झुको आणि अझुलाची ही आई या मालिकेतली सगळ्यांत धाडसी बाई आहे. गोष्टीत मात्र ती चार पानं रडते, झोपलेल्या झुकोच्या केसांवरून हात फिरवते आणि अंधारात निघून जाते. लेखात विधान करून सुटता येतं, गोष्टीत सुटका नसते. तिथे बाईला दारातून आत आणावं लागतं, तिच्या तोंडी वाक्य द्यावं लागतं, आणि ते वाक्य सुचलं नाही की कळतं, आपण तिला ओळखतच नव्हतो. म्हणून तुझ्या मार्गदर्शकांनी गोष्ट परिशिष्टात टाकायला सांगितली असली तरी मला ती लेखाची परीक्षा वाटते. या खेपेला लेख नापास झालाय.

मालिका आपल्या हाती काय देते ते आधी बघू. २००५ ते २००८ या काळात आलेल्या ६१ भागांत उर्सा मोजकीच मिनिटं दिसते. तिची मुख्य भेट होते दुसऱ्या पर्वातल्या 'झुको अलोन' या भागात, आणि तीही झुकोच्या आठवणींतून. मुलांचा आजोबा आणि अग्निराष्ट्राचा राजा अझुलॉन याच्यापुढे उर्साचा नवरा ओझाय थोरल्या भावाचा, आयरोचा, वारसाहक्क मागतो. दोन्ही मुलं पडद्याआड लपून ऐकत असतात. झुको घाबरून पळतो, अझुला थांबते. मग ती भावाच्या खोलीत येऊन त्याला चिडवते, की बाबा तुला मारणार आहेत. तेवढ्यात उर्सा येते, आपल्याला बोलायला हवं असं म्हणून अझुलाला दंडाला धरून बाहेर नेते. झुको पांघरुणात स्वतःला समजावत राहतो की अझुला नेहमी खोटंच बोलते. रात्री आई त्याला अर्धवट झोपेतून उठवते, तू कोण आहेस ते विसरू नकोस म्हणते. सकाळी अझुलॉन मेलेला असतो आणि ती नसते.

दुसरी साक्ष तिसऱ्या पर्वातल्या सूर्यग्रहणाच्या भागात, खुद्द ओझायची. तो झुकोला सांगतो की तुला मारण्याचा अझुलॉनचा हुकूम मला मिळाला होता आणि मी तो पाळणार होतो. तुझ्या आईला ते कळलं. तिनेच एक बेत माझ्यापुढे ठेवला, ज्यात मला सिंहासन मिळणार होतं आणि तुला जीव.

बेत तिने मांडला, निनाद. हे वाक्य तुझ्या लेखात कुठेच नाही. ही बाई नवऱ्याची हाव पुरती ओळखून आहे, तिचा भाव तिला ठाऊक आहे आणि त्या भावात ती मुलगा सोडवून घेते. अशी बाई त्या रात्री चार पानं रडत बसेल, असं मला एक बाई म्हणून वाटत नाही. रडली तर नंतर, वाटेत कुठेतरी.

पण ओझायवरही लगेच विश्वास टाकू नकोस. तो हे कधी सांगतोय बघ. ग्रहण लागलंय, त्याची अग्निविद्या, म्हणजे आग आणि वीज सोडायची ताकद, त्या काही मिनिटांपुरती बंद आहे, समोर मुलगा तलवारी घेऊन उभा आहे. ग्रहण सुटेपर्यंत झुकोला दारातून जाऊ द्यायचं नाही, यासाठी आईची गोष्ट हे त्याच्याकडचं सगळ्यांत चांगलं आमिष आहे. ग्रहण सुटताक्षणी तो मुलावर वीज सोडतो. म्हणजे साक्ष खरी असेलही, पण साक्षीदाराला वेळ काढायचा होता. कोण सांगतंय, कोणाला, आणि नेमकं तेव्हाच का, हे तीन प्रश्न प्रत्येक संवादाला विचारायची सवय लावून घे. तुझ्या लेखात सगळी अवतरणं एकाच वजनाची आहेत.

तिसरी उर्सा सर्वांत चमत्कारिक. अखेरच्या भागांत, राज्याभिषेकाआधी, अझुलाला ती आरशात दिसते. अझुला तिला म्हणते की तूही मला घाबरतेस. उर्सा म्हणते, नाही, माझं तुझ्यावर प्रेम आहे. अझुला हातातला ब्रश फेकून आरसा फोडते. पण तिथे उर्सा नाहीच ना! ती वाक्यं अझुलाच्याच मनाने रचलेली. एक मुलाच्या आठवणीतली, एक नवऱ्याच्या जबानीतली, एक मुलीच्या भासातली, अशा तीन उर्सा मालिका आपल्याला देते, आणि चौथी, खरी, कुठेच उभी करत नाही. मला विचारशील तर तुझा लेख यावर हवा. 'उर्सा हे मातृत्वाचं प्रतीक' हा परिच्छेद खोडून टाक. प्रतीक म्हटलं की माणूस संपतं.

आणि गोष्ट कुठली लिहायची, तेही इथेच सापडतं. दंडाला धरून नेल्यानंतर मायलेकींत काय बोलणं झालं, ते मालिका दाखवत नाही. पडद्यामागे काय ठरलं हे अझुलाला माहीत होतं आणि उर्साला नव्हतं. म्हणजे झुकोचा जीव वाचला तो अझुला त्याला चिडवायला गेली म्हणून. हे तिला स्वतःला कधी उमगलं असेल का? 'द बीच' या भागात तीच अझुला, शेकोटीपाशी, सहज बोलल्यासारखं सांगते की माझ्या आईला मी राक्षस वाटायचे. बरोबरच होतं तिचं, पण तरी लागलं. हे लागणं त्या रात्रीच्या बोलण्यातून आलं असेल का, याचं उत्तर मालिकेत नाही. तुझं फॅन फिक्शन तिथे शिरू शकतं. तू निवडलेला निरोपाचा प्रसंग मालिकेने आधीच दाखवलाय, आणि तुझ्याहून कमी शब्दांत दाखवलाय.

अझुलाबद्दल तुझं निरीक्षण मात्र फार आवडलं, ते केसांचं. दुसऱ्या पर्वाच्या पहिल्याच भागात विजेचा सराव करताना एक बट जागची हलते तेवढ्यानेही तिला चालत नाही, आणि शेवटी आरशासमोर ती स्वतःच केस वेडेवाकडे कापते. हे तू एका तळटीपेत कोंबलंस! वर आण. त्याउलट मालिकेतली माणसं ज्या युद्धकलांनी पाणी, माती, अग्नी आणि वारा वळवतात, त्यांची दोन पानं आटव. पाण्याला ताई ची, मातीला हुंग गार, अग्नीला उत्तरेकडचं शाओलिन, वाऱ्याला बाग्वाझांग, सल्लागार सिफू किसू, हे सगळं बरोबर आहे, पण नुसती नोंद झाली. कला आणि स्वभाव जुळतात तो भाग घे. 'द फायरबेंडिंग मास्टर्स'मध्ये झुको मालिकेचा नायक आंग याच्या बाजूला आल्यावर त्याची आगच मंदावते, कारण इतकी वर्षं ती रागावर पेटत होती आणि आता राग उरला नाही. त्याला ड्रॅगनांकडून नव्याने शिकावं लागतं. म्हणजे मनातला बदल त्याच्या तळहातावर दिसतो. कल्पित जगाचे नियम कशासाठी असतात, हे एवढ्या एका उदाहरणाने सांगून होईल.

आता तुझ्या गोष्टीतली ती दासी. राजवाड्यात नवी आलेली, सगळ्यांची गुपितं जाणणारी, उर्साला विष सुचवणारी आणि झुकोला पहिल्या भेटीत आवडणारी. अरे, या मुलीला जुनं नाव आहे. १९७३ साली पॉला स्मिथ यांनी 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांच्या लेखनाची फिरकी घेणारी एक छोटी गोष्ट लिहिली, तिच्यातल्या सर्वगुणसंपन्न नायिकेवरून अशा पात्रांना 'मेरी स्यू' म्हणतात. पात्र नवं असायला हरकत नाही, पण उर्साची अक्कल काढून दासीला दिलीस, ते मला सहन झालं नाही.

कॅननपासून, म्हणजे मूळ मालिकेपासून, पात्र सुटलं की काय होतं हे बघायला 'द एम्बर आयलंड प्लेअर्स' पुन्हा बघ. त्यात आंग, झुको आणि त्यांची सगळी मंडळी स्वतःवरचं नाटक बघायला जातात. नाटककाराने माहिती जमवलीय, अगदी मालिकेत अधूनमधून भेटणाऱ्या त्या कोबीवाल्याकडूनही! घटना बऱ्याचशा बरोबर आहेत आणि माणसं साफ चुकलीत. त्या मंडळींतली छोटी टॉफ एकटी खूश, कारण तिची भूमिका एका धिप्पाड गड्याने केलीय. वर एक मुलगा खऱ्या झुकोला सांगतो की तुझ्या चेहऱ्यावरचा व्रण चुकीच्या बाजूला आहे. मालिकेने आपल्याच चाहत्यांची केलेली ही थट्टा तुझ्या प्रस्तावनेत चपखल बसेल.

कॉमिक्सचं तू विचारलं होतंस. २०१३ सालच्या 'द सर्च'मध्ये उर्साचं पुढे काय झालं ते जीन लुएन यांग यांनी सांगितलंय: नवा चेहरा, पुसलेली स्मृती. मला ते उत्तर प्रश्नापेक्षा लहान वाटलं. शेवटच्या भागात झुको तुरुंगात जाऊन बापाला विचारतो की माझी आई कुठे आहे, आणि तिथेच दृश्य तुटतं. ते तुटणं मला जास्त खरं वाटतं. तू कॉमिक्स मानायचं की नाही ते तूच ठरव, पण काय ठरवलंस ते गोष्टीच्या वरच्या टिपेत लिही, म्हणजे वाचणारा भांडायला येणार नाही.

परीक्षकांनी नाक मुरडलं तर त्यांना १९६७ सालची आठवण करून दे. त्या एकाच वर्षी इरावती कर्व्यांचं 'युगान्त' आलं आणि शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय'ही. एकीने कर्णाला तपासलं, दुसऱ्याने त्याला आणि त्याच्याभोवतीच्या माणसांना बोलतं केलं. मला कर्वेबाई जास्त पटतात हे तुला माहीत आहे. पण शोण भावाला हाक कशी मारत असेल, हा प्रश्न त्यांना पडायचं कारण नव्हतं. सावंतांना तो टाळता आला नसता.

तर नवा खर्डा मायलेकींच्या बोलण्याचा पाठव. झुकोला त्यात आणू नकोस, तो पांघरुणातच बरा. अझुला त्याच्याहून दोन वर्षांनी लहान आहे आणि त्या रात्री तर अगदीच पोर आहे, तेव्हा तिच्या तोंडी चौदाव्या वर्षाची धार नको. तिला आपण आईला काय सांगून बसलो ते कळता कामा नये. आणि उर्साला बोलायला फार कमी वेळ आहे, तिला लगेच ओझायकडे जायचंय.

तुझी,
आई