नफा पलंगावर आहे

सोलापूर

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, परवा तुम्ही विचारलंत, "नव्वद हजार नफा म्हणतेस, मग माझे पन्नास हजार कुठायत?" आणि मी फोन ठेवून दिला. चुकलं माझं. खरं उत्तर असं की तुमचे पैसे तुमच्याच खोलीत आहेत, तुमच्याच पलंगावर, पंख्याच्या खाली वीतभर जागा सोडून रचलेले.

गोल आकडे लिहिते. वर्षाच्या सुरुवातीला माल ६० हजारांचा. वर्षभरात पूर्व भागातल्या यंत्रमागवाल्यांकडून चादरी-टॉवेल घेतले ६ लाख ४० हजारांचे. विक्री ७ लाख १० हजार. कुरिअर, कमिशन, पॅकिंग यात १ लाख ३० हजार गेले. तुम्ही म्हणता, घेतलेला सगळा माल खर्चात टाक. टाकला तर १ लाख २० हजार तोटा दिसेल. पण ३१ मार्चला २ लाख १० हजारांचा माल घरात होता. पडून असलेली चादर खर्चात धरता येत नाही. ती विकली जाईल त्या वर्षी तिची किंमत वजा होते. म्हणून ९० हजार नफा. आणि रोकड? ती उलट ६० हजारांनी कमीच झाली! शिल्लक माल वहीत दाखवलाच नाही, तर पुढच्या वर्षी तोच विकताना खरेदी शून्य आणि विक्री तेवढा नफा दिसेल. विक्री तर ऑनलाइन विक्रीच्या पोर्टलमुळे करखात्याला कळतेच.

सीए म्हणाले, आयकरात छोट्या धंद्यांना अंदाजाने नफा दाखवायची सोय आहे, तिच्याखाली डिजिटल जमेवर (बँकेतून, ऑनलाइन आलेल्या पैशांवर) ६ टक्के नफा धरला तरी चालतं, म्हणजे ४२,६०० वर भागतं. तसंही माझ्या उत्पन्नावर टॅक्स काही येत नाही. पण मला बँकेत कर्जासाठी जायचंय, तिथे खऱ्या वह्या लागतील.

जुलैत कोपऱ्यातलं छत गळलं ते तुम्हाला कळवलं नव्हतं. ३८ चादरी भिजल्या. त्यातल्या बारा चादरींवर काळी बुरशी, हात लावला की सूत सुटायचं. त्या टाकून दिल्या. ४५० ची एक, म्हणजे ५,४०० गेले. शिवाय त्यांच्या खरेदीवर घेतलेलं ५ टक्के जीएसटीचं क्रेडिट (खरेदीत भरलेला कर विक्रीच्या करातून वजा करायची सोय), २७० रुपये, परत भरावं लागलं. उरलेल्या सव्वीसांवर फक्त डाग आहेत. त्या १५० ला जातील, म्हणून वहीत १५० नेच धरल्या. खरेदीची किंमत आणि बाजारात येईल ती, यात कमी असेल ती धरायची. त्यांचं क्रेडिट मात्र राहतं, कारण माल विकला जाणार आहे.

आणि आई, मावशीच्या वास्तुशांतीला तू नेलेल्या पाच चादरी! त्या धंद्याच्या खर्चात बसत नाहीत. घरखर्चात टाकल्या आणि त्यांचंही क्रेडिट, ११२ रुपये ५० पैसे, परत केलं. हसू नकोस.

थंडी पडली की माल हलेल, तेव्हा बाबांचे निम्मे तरी देते. नाशिकहून लवकर या. बाबा, फोल्डिंग खात्यातला, म्हणजे कापड घडी घालून मोजायचा, तुमचा हात अजून चालत असेल तर एकदा ढीग मोजून द्या. मी तीनदा मोजले, दर वेळी वहीपेक्षा दोन चादरी कमी भरतात.

आई, पाचच नेल्या होत्यास ना?

तुमची,
मनू