शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र: गणिताच्या वर्गाला खरी आकडेवारी हवी, कच्ची

प्रति,
मा. शिक्षणमंत्री

विषय: माध्यमिक गणितात ऑनलाइन साधने आणि खऱ्या आकडेवारीचा वापर

सविनय नमस्कार.

माध्यमिक गणिताच्या पुस्तकातला सांख्यिकीचा धडा एकदा उघडून पाहावा. वीस मुलांची उंची दिलेली असते आणि मध्य नेमका पूर्णांक येतो. एकही मूल गैरहजर नसते, एकही नोंद राहून गेलेली नसते आणि सेंटिमीटरच्या रकान्यात कुणी चुकून इंच भरलेले नसतात. उत्तर आधी ठरवून त्यावरून मागे मागे जात रचलेली ही सामग्री असते. तिच्यावर मुले मध्य, मध्यक आणि बहुलक काढायला शिकतात. पण यातले कोणते कधी वापरायचे, हा प्रश्न त्यांना पडत नाही. पडावा असे त्या आकड्यांत काही नसतेच.

यावर उपाय म्हणून आजवर शाळांना व्हिडिओ आणि पोर्टल मिळाले. त्यातल्या बहुतेकांनी फळ्यावरचे गणित पडद्यावर आणले, इतकेच. आमची मागणी वेगळी आहे आणि खर्चाच्या मानाने किरकोळ आहे: खऱ्या मोजमापांच्या कच्च्या फाइली वर्गात याव्यात.

एक उदाहरण तपशिलात मांडतो. हवाई बेटांवरच्या मौना लोआ वेधशाळेत १९५८ पासून हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचे मोजमाप होते. अमेरिकेची नोआ ही हवामान आणि महासागरांचा अभ्यास करणारी सरकारी संस्था त्याच्या फाइली मोफत देते. दर दशलक्ष भागांत किती भाग, हे त्यातले एकक. वार्षिक सरासरी १९६० साली सुमारे ३१६.९ होती, १९७० साली ३२५.७ आणि २०२० साली ४१४.२. पहिल्या दोन नोंदींतून रेषा काढली की चढ येतो वर्षाला ०.८८. तीच रेषा २०२० पर्यंत नेली तर अंदाज येतो ३६९.७. खरी नोंद त्याहून ४४.५ ने वर आहे. दोन चलांतील रेषीय समीकरणे शिकणाऱ्या वर्गाला एवढे एक गणित आठवडाभर पुरते. चढ म्हणजे नेमके काय, तो बदलतो म्हणजे काय होते आणि रेषा कुठपर्यंत ताणावी, हे सगळे त्यात आले.

अडचणी नेमक्या कुठे येतात, तेही सांगतो. फाइल जिओजेब्रा या आलेख काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतली की अनेकदा पडद्यावर एकही बिंदू दिसत नाही. फाइल बिघडलेली नसते. आलेखाची खिडकी उणे दहा ते दहाच्या आसपास उघडलेली असते आणि बिंदू असतात १९६० आणि ३१६ च्या पलीकडे. अक्षांच्या मर्यादा बदलल्या की ते दिसतात. दुसरी अडचण य-अक्षावरच्या छेदाची. क्ष म्हणून थेट सन घेतला तर १९६० आणि २०२० या बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचा छेद उणे २,८०० च्याही खाली जातो, आणि मुले विचारतात की हवेत उणे वायू कसा? त्यामुळे क्ष म्हणजे १९६० पासून झालेली वर्षे, असे धरावे. मग छेद ३१६.९ येतो आणि त्याला अर्थ असतो. तिसरी गोष्ट बटणाची. रेषा बसवण्याची आज्ञा पहिल्याच तासाला दाखवली की तास तिथेच संपतो. आधी चढ आणि छेद यांचे दोन स्लायडर (किंमत कमी-जास्त करायच्या सरकपट्ट्या) देऊन मुलांना रेषा हाताने बसवू द्यावी, प्रत्येक बिंदूपासूनचे उभे अंतर मोजू द्यावे, मगच बटण.

महिनावार फाइल आणखी मजेशीर आहे. तिच्या सुरुवातीला # चिन्हाच्या बऱ्याच माहितीच्या ओळी असतात. त्या न काढता स्प्रेडशीटमध्ये घेतली तर रकाने विस्कटतात. पुढे १९५८ च्या ओळींत ‘किती दिवस मोजले’ या रकान्यात -१ लिहिलेले असते. महिन्यात उणे एक दिवस? नोंद उपलब्ध नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण न बघता सरासरी काढली की ते -१ निमूटपणे बेरजेत मिसळते आणि उत्तर तर येतेच. आकड्यांकडे आधी डोळ्यांनी बघण्याची सवय लावायला याहून चांगला स्वाध्याय आम्हाला माहीत नाही.

याच कारणाने संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँस्कम यांनी १९७३ साली मांडलेले आकड्यांचे चार संच प्रत्येक वर्गात जायला हवेत. प्रत्येकात अकरा बिंदू. क्षचा मध्य ९, यचा ७.५ आणि बसवलेली रेषा य = ३ + ०.५क्ष, चारही संचांत तीच. आलेख काढला की एक खरोखर रेषेसारखा, एक वळणदार, एकात एक बिंदू भरकटलेला आणि एकात एक सोडून सगळे बिंदू एकाच उभ्या रेषेवर. कागद-पेन्सिलीने पाऊण तासात होते.

भूकंपांची यादी अमेरिकेची भूगर्भ सर्वेक्षण संस्था, यूएसजीएस, रोज देते. घातांकासाठी ती उत्तम: तीव्रता एकाने वाढली की लहरींची उंची दहापट होते, ऊर्जा सुमारे ३२ पट. पण ‘गेल्या तीस दिवसांतले सर्व भूकंप’ ही फाइल नकाशावर टाकली की अलास्का आणि कॅलिफोर्निया बिंदूंनी भरून जातात. तिथले बारीकसारीक धक्केही त्या यादीत येतात, बाकी जगातले बहुतांशी मोठेच. नमुना निवडीचा दोष शिकवायला इतके सोपे उदाहरण पुस्तकात नाही. ४.५ च्या वरचेच भूकंप घेतले की नकाशा पालटतो.

आता मागणी. एक, अशा वीसेक फाइली विभागाने निवडाव्यात आणि उतरवून घेतल्याची तारीख टाकून आपल्या सर्व्हरवर गोठवून ठेवाव्यात. मूळ संस्था आकडे सुधारतात, रकान्यांची नावे बदलतात, दुवे हलवतात. शिक्षकाने रात्री तयार केलेला पाठ सकाळी चालत नाही तो यामुळे. प्रत्येक फाइल कच्ची आणि निवडक तीस-चाळीस ओळींची, अशा दोन रूपांत असावी. दुसरी छापता आली पाहिजे, कारण वर्गात एकच संगणक असेल तर प्रत्येक गटाला वेगवेगळ्या तीस ओळींचा कागद देऊन काम उत्तम होते. किंबहुना गटागटाचे मध्य वेगळे आले की नमुन्याचा विषय आपोआप निघतो. लिब्रे ऑफिस (यातच स्प्रेडशीट असते) आणि जिओजेब्रा इंटरनेटशिवाय चालतात. नवे सॉफ्टवेअर विकत घेऊ नये, ही विनंती.

दोन, सत्रात किमान सहा तासिका यासाठी वेळापत्रकात लिहून द्याव्यात. जोडतासिका असाव्यात, कारण फाइल उघडून रकाने समजून घेण्यातच पहिली वीस मिनिटे जातात.

तीन, परीक्षा. जे परीक्षेत नाही ते फेब्रुवारीत शिकवले जात नाही, हे आपणास आम्ही सांगायला नको. प्रश्नपत्रिकेत संगणक लागत नाही. वर दिलेल्या तीन नोंदी छापाव्यात आणि चार गुणांचा एक प्रश्न घालावा: समीकरण काढा, २०२० चा अंदाज काढा, खऱ्या नोंदीशी तफावत सांगा, ती का पडली असावी ते दोन वाक्यांत लिहा. तपासणाऱ्यांना मात्र आधीच लेखी कळवावे लागेल की चढ ०.८८ घेणाऱ्याचा अंदाज ३६९.७ येईल, ०.९ घेणाऱ्याचा ३७०.९, आणि दोघांनाही पूर्ण गुण द्यायचे आहेत.

आपले,
माध्यमिक शाळांतले काही गणित शिक्षक