मरू राष्ट्रीय उद्यानाला एक संथ रस्ता हवा: केंद्रीय पर्यावरण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

स. न. वि. वि.

गेल्या फेब्रुवारीत मी वडिलांना घेऊन जैसलमेरला गेले होते. वडील 76 वर्षांचे आहेत. गुडघे थकलेत, शंभर पावले चालले की बसायला जागा शोधतात. आम्ही सोलापूरचे. त्यांच्या तरुणपणी नान्नजचा माळ सायकलच्या टप्प्यात होता आणि त्या माळावर माळढोक दिसला तर कुणी घरी येऊन सांगत बसत नसे. 1979 साली तिथे अभयारण्य झाले. पुढे त्याचे क्षेत्र 8,496 चौरस किलोमीटरवरून 1,222 वर आणले गेले, आणि पक्षी तर त्याच्या आधीपासूनच विरळ होत चालला होता. आज माळढोक पाहायला म्हणून कुणी नान्नजला येत नाही. वडिलांना तो आणखी एकदा पाहायचा होता, म्हणून आम्ही मरू राष्ट्रीय उद्यानाची वाट धरली. तिकडे याच पक्ष्याला गोडावण म्हणतात. राजस्थानचा तो राज्यपक्षी आहे.

पत्र मराठीत लिहिते आहे याचे कारण सांगते. जैसलमेरहून सम या गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्या दोन दिवसांत महाराष्ट्राच्या पाटीच्या कितीतरी गाड्या भेटल्या. जे मागणे तुमच्याकडे आहे, ते अर्धे त्या गाड्यांत बसलेल्यांकडेही आहे.

हे उद्यान 3,162 चौरस किलोमीटरचे, जैसलमेर आणि बाडमेर अशा दोन जिल्ह्यांत पसरलेले. नावात राष्ट्रीय उद्यान असले तरी कायद्याच्या भाषेत ते 1980 पासूनचे अभयारण्य आहे आणि त्याच्या हद्दीत सत्तरहून अधिक गावे आहेत. बहुतेकांच्या डोळ्यांपुढे वाळवंट म्हटले की वाळूच्या टेकड्या येतात. माझ्याही डोळ्यांपुढे त्याच होत्या. प्रत्यक्षात कितीतरी अंतर आम्ही खडकाळ पठारातून, मुरमाड माळातून आणि पिवळट गवतातून गेलो. हे गवत म्हणजे सेवण. कमरेपर्यंत वाढणारे, झुबक्याझुबक्याने उगवणारे, वर्षाला 200 मिलीमीटरही पाऊस नसलेल्या जमिनीत अनेक वर्षे मुळे धरून राहणारे. मधूनच एखादे खेजडीचे झाड, केरची झुडपे, आणि वर इतके मोठे आकाश की वडील म्हणाले, आपल्याकडे आभाळाला कडा असतात, इथे नाहीत.

अशा प्रदेशात गाडीतून हिंडण्याला काही लोक नाक मुरडतात. चालत जावे, उंटावर जावे, तरच खरे पाहणे, असे त्यांचे म्हणणे. मला ते पटत नाही. माझ्या वडिलांसारख्या माणसाला गाडीची खिडकी हीच पाहण्याची जागा आहे. शिवाय माळावरचे पक्षी आणि चिंकारे थांबलेल्या गाडीला जेवढे बिचकत नाहीत तेवढे दोन पायांवरच्या माणसाला बिचकतात. हे कोणताही पक्षिनिरीक्षक सांगेल. आम्ही डांबरी रस्त्याच्या कडेला गाडी उभी केली, इंजिन बंद केले, काचा खाली घेतल्या आणि बसून राहिलो. पहिली पंधरा मिनिटे काहीच नव्हते. मग पाखुर्ड्यांचा थवा आला, एक खोकड बिळाशी येऊन उभी राहिली, दूर चिंकाऱ्याच्या तीन माद्या चरताना दिसल्या. पाऊण तासाने वडिलांनी माझ्या दंडाला हात लावला. सेवणाच्या वर एक पांढरी मान आणि तिच्यावर काळी टोपी. मीटरभर उंचीचा तो पक्षी अगदी सावकाश पावले टाकत गेला आणि गवताआड झाला. सगळे मिळून चार मिनिटे असतील. वडील त्यानंतर बराच वेळ काही बोलले नाहीत.

त्याच संध्याकाळची गोष्ट आता सांगायची आहे.

आम्ही उद्यानाच्या कडेला एका तंबूनिवासात उतरलो होतो. त्याचे नाव लिहीत नाही, कारण तिथे जे घडले ते एकट्या त्या जागेचे नाही. चारच्या सुमारास उघड्या जीपगाड्या आल्या. सूर्यास्त दाखवतो म्हणाले. दोन किलोमीटरवर आमच्या चालकाने रस्ता सोडला आणि सरळ गवतात गाडी घातली. समोर चिंकारा पळत होता आणि मागच्या बाकावरची मुले ओरडत होती. मी थांबवायला सांगितले तेव्हा तो चालक अगदी नम्रपणे म्हणाला, ‘मॅडम, सगळे इथूनच जातात.’ ते खरेच होते. खाली पाहिले तर एकात एक मिसळलेल्या चाकोऱ्या होत्या, कुठे दहा, कुठे वीस, आणि त्यांच्यामध्ये सेवणाचे तुटके बुंधे. रात्री साडेअकरापर्यंत ध्वनिवर्धक वाजत होता. आकाशात तारे असावेत, पण झोतदिव्यांमुळे मला ते दिसले नाहीत. सकाळी तंबूंच्या मागे उष्ट्याच्या ढिगावर नऊ कुत्री मोजली.

मंत्री महोदय, गोडावण घरटे बांधत नाही. मादी उघड्या जमिनीवर साधारणतः एकच अंडे घालते आणि जवळपास महिनाभर ते उबवते. तिला उठवले की ते अंडे खोकड, घोरपड, कावळा आणि कुत्रे यांच्यापुढे उघडे पडते. पर्यटनाचा हंगाम थंडीचा आणि विणीचा हंगाम उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंतचा, म्हणून दोघांचा संबंध येत नाही, असे मला तिथे दोघांतिघांनी ऐकवले. त्यांना मी विचारले की जानेवारीत चाकाखाली गेलेला सेवणाचा झुबका जूनमध्ये कुठून येणार? मादीला आडोसा त्याच गवताचा लागतो. तिचे खाणेही, म्हणजे नाकतोडे, भुंगेरे, सरडे, तिथेच असते. सांडा नावाच्या सरड्याची बिळे त्याच मुरमाड जमिनीत असतात आणि गाडीच्या वजनाने ती बसून जातात. उष्ट्यावर पोसलेली कुत्री तर हंगाम संपला म्हणून गाव सोडून जात नाहीत.

वाळवंटाची जखम लवकर भरत नाही. मातीच्या वरच्या थरात सूक्ष्मजीवांनी बांधलेला पातळ पापुद्रा असतो आणि तोच धूळ धरून ठेवतो. तो मोडला की वारा माती उचलतो. अमेरिकेच्या मोहावी वाळवंटात 1942 साली जनरल पॅटन यांच्या देखरेखीखाली रणगाड्यांचा सराव सुरू झाला होता. त्या रणगाड्यांचे माग तिथे आजही दिसतात. आपल्याकडे चाकोरीबाहेर जाणाऱ्याचे कौतुक होते. या एका मुलखात मात्र चाकोरीतच राहावे लागते.

यावर सोपा उपाय म्हणून कुणी तुम्हाला सरसकट बंदी सुचवील. ती कृपा करून स्वीकारू नका. सत्तर गावांची रोजची ये-जा तुम्ही थांबवू शकत नाही, सीमेकडे जाणारी वाहतूकही नाही. रस्ते आहेत आणि राहणार. बंदीने थांबेल तो फक्त नियम पाळणारा माणूस, आणि रात्री गाडी घालणाऱ्याला पाहणारे मग कुणीच उरणार नाही. माझी तक्रार वेगळीच आहे. माझ्यासारख्या साध्या पाहुण्याला हे उद्यान नीट पाहण्याचा मार्गच तुम्ही आखून दिलेला नाही. तो नाही, म्हणून माणूस जीपवाल्याकडे जातो.

नामिबियातल्या नामिब वाळवंटात सोसुसव्लेईच्या लाल टेकड्या पाहायला जगभरातून लोक जातात. तिथे सेस्रिएमला एक फाटक आहे. फाटकातून सुमारे साठ किलोमीटरचा एकच पक्का रस्ता जातो आणि शेवटचे काही किलोमीटर तेवढे वाळूचे आहेत. फाटकाच्या आत उद्यानाचा स्वतःचा तळ आहे. जो तिथे मुक्काम करतो त्याला सूर्योदयाच्या आधी निघता येते, बाहेर राहणाऱ्याला फाटक उघडेपर्यंत थांबावे लागते. शिस्तीत राहणाऱ्याला पहाट मिळते, किती साधी युक्ती आहे. कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीत रस्ता सोडून गाडी नेणे बेकायदा आहे. तिथल्या रंगीत डोंगरांमधून जाणारा आर्टिस्ट्स ड्राइव्ह नावाचा सुमारे 14 किलोमीटरचा रस्ता एकाच दिशेने चालतो, त्यामुळे समोरून कुणी येत नाही, ओव्हरटेकची घाई नसते, आणि लोक आपोआप हळू जातात.

आपल्याकडे असे का होऊ नये? नवा रस्ता खोदायला मी सांगत नाही. आहे त्या रस्त्यांतलाच सम किंवा खुडीकडचा एखादा पट्टा निवडा, राजस्थानच्या वन विभागाशी बोला, आणि तो पाहण्याचा रस्ता म्हणून जाहीर करा. वेग ताशी तीस किलोमीटर. दर काही अंतरावर गाडी उभी करायची जागा, तिच्याभोवती दगडांची बुटकी ओळ, म्हणजे कडेचे गवत कुणी तुडवणार नाही. एका वेळी ठरावीक गाड्या आणि आधी नोंदणी. व्याघ्र प्रकल्पांत हे आपण वर्षानुवर्षे करतो आहोत, मग दीडशेच्या आसपास उरलेल्या पक्ष्यासाठी करायला काय हरकत आहे? प्रत्येक गाडीत गावातला वाटाड्या सक्तीचा असावा. तिथल्या मेंढपाळाला कोणती जमीन कोणत्या महिन्यात टाळायची ते पाठ असते. गावांनी राखलेल्या ओरणांमध्ये, म्हणजे तिकडच्या देवरायांमध्ये, झाडाची फांदी तोडत नाहीत, हा नियम आपल्या कायद्याहून जुना आहे. त्या माणसांना पगार द्या. आज त्यांतली कितीतरी मुले जीप गवतात घालून पोट भरतात. वाईटपणाने नव्हे, दुसरे काम नाही म्हणून.

विणीच्या महिन्यांत हा पट्टा बंद ठेवला तरी आम्ही तक्रार करणार नाही. उद्यानातले सुदासरीचे कुंपणातले क्षेत्र आहे तसे कायम शांत राहू द्या.

आता मुक्कामाबद्दल. वाळवंटात रात्र काढल्याशिवाय वाळवंट पाहिले असे होत नाही, हे मी मनापासून मानते. दिवसा तापलेली जमीन तासाभरात गार होते, वारा पडतो, आणि मग दूरच्या मेंढरांच्या घंटा ऐकू येतात. पहाटे तीनला मी शाल गुंडाळून बाहेर आले तेव्हा दिवे बंद झालेले होते आणि आकाशगंगा या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसत होती. ती रात्र विकत घेण्यासाठी माणसे इतक्या लांबून येतात आणि त्यांना झोतदिवे मिळतात. वन विभागाने स्वतःचा एक छोटा तळ उभारावा, वीस तंबूंपेक्षा मोठा नको. जनरेटर नको, ध्वनिवर्धक नको, खाली वळलेले मंद पिवळे दिवे पुरेत. शेकोटीही नको, कारण तिथे जळण म्हणजे केरची झुडपे आणि खेजडीची झाडे. पाणी मोजून द्यावे. कचरा ज्याचा त्याने परत न्यावा आणि निघताना फाटकावर तो दाखवावा. मांगणियार या तिथल्या लोकगायकांचे गाणे जरूर असावे, त्यांच्या कमायचा आणि खडताल या वाद्यांना विजेची गरज कधीच नव्हती. म्हाताऱ्या माणसांसाठी दोन तंबू शौचालयाजवळ राखून ठेवावेत, हे माझे खास मागणे.

काळोख जपणे आपल्याला जमत नाही असेही नाही. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या महाराष्ट्रातल्या भागाला 2024 च्या जानेवारीत देशातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. जंगलात जमले ते उघड्या वाळवंटात अधिक सहज जमावे.

विजेच्या तारांविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही. गोडावणाला समोरचे फार कमी दिसते, वजन पंधरा किलोपर्यंत जाते, ऐनवेळी त्याला वळता येत नाही आणि तो तारांवर आदळून मरतो. सर्वोच्च न्यायालयाने 2021 च्या एप्रिलमध्ये तारा जमिनीखाली नेण्याचा आदेश दिला, 2024 च्या मार्चमध्ये तो बदलला आणि तज्ज्ञांची समिती नेमली. त्या मोठ्या प्रश्नात मी जाणकार नाही. एवढेच सांगते की पर्यटकांच्या तंबूंसाठी नव्या तारा ओढू देऊ नका. सौर पॅनेलवर मंद दिवे चालतात.

सम आणि रामदेवरा इथल्या प्रजनन केंद्रांत भारतीय वन्यजीव संस्थेची माणसे अंडी उबवत आहेत, पिल्ले वाढवत आहेत. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये कृत्रिम रेतनातून गोडावणाचे पहिले पिल्लू जन्मले, तेव्हा वडिलांनी ते कात्रण कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवले. ही पिल्ले उद्या मोकळी सोडायची तर त्यांना न तुडवलेला माळ लागेल.

नवा हंगाम ऑक्टोबरमध्ये सुरू होतो. रस्ता आणि तळ तोवर होणार नाहीत, हे मला समजते. गवतात गाडी नेल्यास दंड होईल असे फलक आणि दंड करणारी दोन फिरती पथके, एवढे तोवर नक्की होऊ शकते. वडिलांना फेब्रुवारीत पुन्हा यायचे आहे. आमची नोंदणी वन विभागाकडे कुठे करायची, तेवढे आपल्या कार्यालयाने जाहीर करावे.

कळावे,
आपली विश्वासू,
सोलापूरची एक नागरिक